पाय आधी, डोकं नंतर: माणसामाणसांतले फरक कोणत्या वाटेने आले?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जैविक मानवशास्त्र माणसाची उत्क्रांती आणि माणसामाणसांतले फरक नेमके कसे समजावून सांगतं? सगळे एकाच मुळाचे असलो तर इतके वेगळे का दिसतो? फरक डोळ्यांना धडधडीत दिसत असताना 'वंश नाहीत' असं तुम्ही लोक कोणत्या तोंडाने म्हणता? आणि उत्क्रांती आता थांबली आहे का?

शेवटचा प्रश्न शेवटी घेते. आधीच्या तिघांची गाठ एकाच ठिकाणी बसली आहे, ती आधी सोडवू.

हाडं मोजण्यात आणि मोजायला शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. नवा विद्यार्थी आला की त्याच्या हातात एक कवटी आणि कॅलिपर (अंतर मोजायचा चिमटा) देते आणि तीच लांबी सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मोजायला लावते. आकडा तिन्ही वेळा एकच येईल अशी त्याची खात्री असते. बहुधा तसं होत नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक आपल्याच हाताने पडतो हे एकदा अनुभवलं, की दोन माणसांच्या कवट्यांतल्या तेवढ्याशा फरकावर इमले बांधायची घाई होत नाही. पण मोजमापाची चूक सुधारता येते. तिच्याहून चिवट चूक डोक्यात असते. फरक दिसला की मन पहिल्यांदा विचारतं, 'हा कशासाठी असेल?' आणि उत्तरही लगेच हजर होतं: नाक लांब, तर थंडीसाठी, केस कुरळे, तर उन्हासाठी, उंची कमी, तर दाट जंगलातून वाट काढण्यासाठी. कधी यातलं काही खरं निघतं, कधी तो निव्वळ बादरायण संबंध असतो.

माझ्या मते आमच्या विषयाचं खरं काम वेगळं आहे: हा फरक कोणत्या वाटेने आला ते ठरवणं. वाटा मोजक्याच आहेत. डीएनएची नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं, ते उत्परिवर्तन. सगळा नवा माल तिथून येतो. त्यातलं काही टिकतं, कारण ते बाळगणाऱ्यांची जास्त मुलं जगतात. ही नैसर्गिक निवड. काही टिकतं निव्वळ नशिबाने, विशेषतः माणसं थोडी असतील तेव्हा. याला आम्ही जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतो. काही बाहेरून आलेल्या माणसांबरोबर येतं, तो जनुकप्रवाह. आणि काही फरक जनुकांत नसतातच. वाढीच्या वयात काय खायला मिळालं, किती आजारपणं काढली, किती उंचीवर राहिलो, यावर ते ठरतात. वरून पाहता सगळे सारखेच दिसतात. उंचीतला पाच सेंटिमीटरचा फरक यांपैकी कोणत्याही वाटेने आलेला असू शकतो, किंवा दोन-तीन वाटांनी मिळून.

१९५१ मध्ये शेरवूड वॉशबर्न या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांना हेच सांगितलं: वर्गवारी पुरे, प्रक्रिया शोधा. त्याआधीची कित्येक दशकं कवट्यांचे गट पाडण्यात गेली होती, आणि त्या गटांत वरच्या पायरीवर कोण बसायचं हे मोजणाऱ्यांनी बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असायचं.

आता उत्क्रांतीकडे. इथेही 'आधी कळस मग पाया' झालं होतं, आणि अगदी शब्दशः. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक विद्वानांना वाटे की माणूस घडताना आधी मेंदू मोठा झाला असणार आणि बाकी शरीर त्याच्या मागून आलं असणार. १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाऊन इथे अगदी तशीच कवटी 'सापडली': वरचा भाग माणसाचा, जबडा वानरासारखा. ती बनावट होती. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून दात कानशीने घासले होते. हे उघड व्हायला १९५३ साल उजाडलं. फसवणूक हुशारीची होती म्हणून ती चाळीस वर्षं टिकली असं मला वाटत नाही. लोकांना जे हवं होतं तेच तिने पुढे ठेवलं, म्हणून ती टिकली. मधल्या काळात, १९२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंग इथे एका लहान मुलाची कवटी मिळाली होती. रेमंड डार्टने दाखवून दिलं की मेंदू जवळजवळ वानराएवढाच आहे, पण मज्जारज्जू बाहेर पडतो ते भोक कवटीच्या मागे नसून खाली आहे. म्हणजे डोकं ताठ पाठीच्या कण्यावर तोललेलं होतं. पिल्टडाऊनच्या सावलीत त्याचं म्हणणं बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर पुरावा पायांकडून आला. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहानसन यांच्या चमूला 'ल्युसी' मिळाली. ३२ लाख वर्षांपूर्वीची मादी, सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग शाबूत. विद्यार्थ्यांना मी तिच्या मांडीच्या हाडाचा साचा आणि शेजारी चिंपांझीचं हाड देते. चिंपांझीचं हाड टेबलावर उभं केलं तर सरळ राहतं. ल्युसीचं वरून बाहेरच्या अंगाने निघून गुडघ्याकडे आत झुकतं, आपल्यासारखंच. हा झुकाव असला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघा शरीराच्या भाराखाली येतो आणि माणूस दोन्ही बाजूंना हेलकावे न खाता चालतो. तिची कटी, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, आखूड आणि वाडग्यासारखी पसरट आहे. वानराची उंच आणि चपटी असते. टांझानियातल्या लेटोली इथे मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत पावलांचे ठसेच मिळाले, सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचे, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. इतकं असूनही या जीवांचा मेंदू साधारण ४०० ते ५०० घन सेंटिमीटरचा होता. आपला सरासरी १३५० च्या आसपास असतो. मेंदूची ठळक वाढ दिसते ती फार पुढे, होमो वंशशाखेत, म्हणजे आपण ज्या शाखेतले तिच्यात. पाय आधी, डोकं नंतर. मध्ये काही लाख नव्हे, वीस लाखांच्या घरातली वर्षं.

पण एका जीवाश्मावरून 'ही नवी प्रजाती' असं म्हणायचं कधी? यासाठी एकाच प्रजातीत किती फरक असू शकतो ते आधी माहीत हवं. उत्क्रांती आणि विविधता हे आमच्याकडे दोन वेगळे धडे का नाहीत, ते इथे कळतं. जॉर्जियातल्या द्मानिसीमध्ये एकाच ठिकाणी, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत पाच कवट्या मिळाल्या. त्यांतल्या पाचव्या कवटीचा मेंदू अवघा ५४६ घन सेंटिमीटरचा, चेहरा दणकट आणि जबडा अवाढव्य. त्याच पाच कवट्या पाच वेगळ्या देशांत मिळाल्या असत्या तर त्यांना निदान दोन-तीन वेगळी नावं नक्कीच पडली असती. संशोधकांनी मोजून दाखवलं की त्यांच्यातला फरक आजच्या माणसांतल्या किंवा चिंपांझींतल्या फरकाच्या चौकटीत बसतो. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण तेव्हापासून एखादा जबडा हातात धरून नव्या प्रजातीची घोषणा झाली की मी पहिला प्रश्न विचारते: शेजारी कोणाला ठेवून मोजलंत?

आपल्या प्रजातीचंही तसंच आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या जीवाश्मांचं वय २०१७ मध्ये सुमारे ३ लाख वर्षं ठरलं. त्यांचा चेहरा आजच्या गर्दीत खपून जाईल, पण मेंदूची पेटी अजून लांबट आणि सखल आहे, आपल्यासारखी गोल नाही. म्हणजे 'आधुनिक माणूस' एका सकाळी पुरा तयार होऊन बाहेर पडला नाही. चेहरा आधी, गोल कवटी नंतर, आणि तेही आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांत राहून अधूनमधून मिसळणाऱ्या टोळ्यांमधून.

मिसळणं तिथेही थांबलं नाही. २०१० मध्ये निअँडरथल या नामशेष मानवशाखेचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्याचे सुमारे २ टक्के अंश निघाले. त्याच वर्षी सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या करंगळीच्या एका इवल्याशा हाडावरून एक अख्खी नवी मानवशाखा कळली, जिची कवटी तेव्हा कोणी पाहिलेलीही नव्हती. या कामासाठी स्वांटे पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. मी शिकत होते तेव्हा फळ्यावर झाड काढायचे, फांद्या एकदा फुटल्या की वेगळ्या. आता नदी काढते. ओघ फुटतात, काही वाळूत जिरतात, काही पुढे पुन्हा मिळतात.

इथून आजच्या माणसांतल्या फरकांकडे वळू. पहिली गोष्ट प्रमाणाची. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत साधारण हजार अक्षरांमागे एक अक्षर वेगळं असतं. चिंपांझींची संख्या आपल्या तुलनेत नगण्य, तरी त्यांच्यात आपल्याहून जास्त जनुकीय विविधता आहे. २०१२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की कॅमेरूनमधल्या नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे चिंपांझी एकमेकांपासून जितके वेगळे आहेत, तितकी वेगवेगळ्या खंडांतली माणसंही नाहीत. आपण संख्येने अफाट असलो तरी नुकतेच आणि थोड्या लोकांपासून पसरलेले आहोत. पूर्व आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी लोकसंख्यांमधली जनुकीय विविधता कमी होत जाते. प्रत्येक टप्प्यावर थोडेच लोक पुढे गेले आणि त्यांनी मूळ भांडवलातला थोडाच हिस्सा सोबत नेला. ही ड्रिफ्टची सही आहे; त्यात 'कशासाठी' काहीच नाही.

निवडीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण सिकलसेलचं, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात रोग, शेती आणि वंशाचा गैरसमज एकाच ठिकाणी भेटतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. डीएनएत फरक एका अक्षराचा. आई आणि बाप दोघांकडून ते अक्षर आलं तर तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; आजार गंभीर होतो. इतकं घातक जनुक निवडीने कधीच झाडून टाकायला हवं होतं. पण काही प्रदेशांत ते टिकून राहिलं, भरपूर प्रमाणात. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिलं की ज्याला ते एकाच पालकाकडून मिळालंय, त्याला फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या प्रदेशात एक प्रत असणारा एकही प्रत नसणाऱ्यापेक्षा आणि दोन प्रती असणाऱ्यापेक्षा जास्त तगतो, आणि त्याच्या जोरावर जनुक टिकतं. त्याची किंमत दोन प्रती घेऊन जन्मलेलं मूल मोजतं.

१९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी पुढची कडी जोडली. पश्चिम आफ्रिकेत शेती पसरली, जंगल तोडलं गेलं, उन्हात डबकी साचली, माणसं एका जागी दाटीने राहू लागली. हे मलेरियाच्या डासाला हवं तेच वातावरण. शेतीने डास वाढवला आणि डासाने रक्त बदललं. माणसाची संस्कृती त्याला निसर्गापासून सोडवते असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवते. आणि वंशाचं काय? सिकलसेल आफ्रिकेत आहे तसा ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारतातही आहे. उलट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या लोकांत तो विरळ आहे. त्याचा नकाशा मलेरियाच्या नकाशावर ठेवला तर बराच जुळतो. कातडीच्या रंगाच्या नकाशावर ठेवला तर जुळत नाही.

निवड एकाच अडचणीला एकच उत्तर देते असंही नाही. विरळ हवेत तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन त्या उंचीच्या मानाने फारसं वाढत नाही आणि त्यामुळे रक्त घट्ट होण्याचे त्रास टळतात. अँडीज पर्वतातल्या लोकांचं मात्र चांगलंच वाढलेलं असतं. तिबेटी लोकांमधल्या याला कारण असलेल्या जनुकाचा, ईपास१ चा, तो प्रकार डेनिसोवन माणसांकडून आला असल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. म्हणजे जनुकप्रवाहाने माल आणून दिला आणि निवडीने तो उचलला. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमताही युरोपात एका उत्परिवर्तनाने आली आणि पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत दुसऱ्याच.

कातडीचा रंग मी मुद्दाम इथे घेते, कारण सगळा गोंधळ त्याच्यापासून सुरू होतो. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० मध्ये मांडलेलं चित्र आज बहुतेकांना मान्य आहे. प्रखर अतिनील किरणांत शरीरातलं फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) नष्ट होतं, आणि फोलेट कमी पडलं की गर्भाच्या मज्जासंस्थेत व्यंग येऊ शकतं. म्हणून विषुववृत्ताजवळ गडद कातडी टिकली. ध्रुवांकडे किरण कमी, तिथे जीवनसत्त्व ड तयार व्हायला फिकट कातडी सोयीची. फिकटपणा युरोपात आणि पूर्व आशियात बऱ्याच अंशी वेगवेगळ्या जनुकांनी आला. आणि तो जुनाही नाही: स्पेनमध्ये मिळालेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याच्या डीएनएवरून २०१४ मध्ये कळलं की त्याची कातडी गडद असावी आणि डोळे निळे. 'गोरा युरोप' म्हणून जी सनातन गोष्ट सांगितली जाते, तिच्यात या माणसाला कुठे बसवायचं? रंगाची अडचण अशी की तो अपवाद आहे. तो अतिनील किरणांच्या मागे धावतो, नात्यांच्या मागे नाही. मेलानेशियातले (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येची बेटं) आणि आफ्रिकेतले गडद वर्णाचे लोक जनुकांच्या हिशेबाने एकमेकांपासून फार दूर आहेत. डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारा फरक नातं ओळखायला असा कुचकामी निघावा, हा आमच्या विषयाचा एक विनोदच आहे.

मग नाकाचं काय? २०१७ च्या एका अभ्यासात नाकाच्या अनेक मापांपैकी नाकपुड्यांच्या रुंदीतला फरक ड्रिफ्टने होईल त्याहून जास्त निघाला, आणि तो हवेच्या तापमानाशी व दमटपणाशी जुळला. नाकाच्या लांबीत आणि पुढे येण्यात मात्र तसं काही सिद्ध झालं नाही. तिथला फरक योगायोगानेही पडू शकतो. एकाच नाकाच्या दोन मापांना दोन वेगळ्या वाटा. सुरुवातीला लिहिलेलं 'नाक लांब, तर थंडीसाठी' हे इथे अडखळतं.

ड्रिफ्ट लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण. योगायोग हे कोणाला कारण वाटतच नाही. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं उत्क्रांतीत सारखं घडतं. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप या चिमुकल्या बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आलं आणि जेमतेम वीसेक माणसं वाचली. वाचलेल्यांपैकी एकाकडे पूर्ण रंगांधळेपणाचं जनुक होतं असं मानतात. हा विकार जगात इतरत्र हजारोंत एखाद्यालाच होतो. पिंगेलॅपवर आज तो शंभरात पाच-दहा जणांना आहे. त्यांना रंग दिसत नाहीत, ऊन सोसत नाही. रंग न दिसण्याचा तिथे काही फायदा असेल का, असं शोधत बसणं म्हणजे वादळात कोण वाचलं त्यात हेतू शोधणं. कवटीच्या आकारातले प्रादेशिक फरकही मोठ्या प्रमाणात असेच आहेत: अंतर वाढलं की फरक वाढतो.

आणि जनुकांत नसलेले फरक! जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीचे मापदंड जाहीर केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली अशी मुलं मोजली, ज्यांना आईचं दूध, पुरेसं अन्न आणि आरोग्यसेवा मिळत होती. पाच वर्षांखालची ही मुलं थक्क व्हावं इतकी सारखी वाढली. लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतल्या वेगळेपणाचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांची अमेरिकेत वाढलेली मुलं मायदेशातल्या मुलांपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर उंच निघाली. एका पिढीत जनुकं इतकी बदलत नसतात. डच पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापेक्षा आज जवळपास २० सेंटिमीटर उंच आहेत. फ्रान्झ बोआस यांनी १९१२ मध्येच स्थलांतरितांच्या हजारो मुलांची डोकी मोजून दाखवलं होतं की वंशाची खूण मानली जाणारी डोक्याची ठेवणही नव्या देशात थोडी सरकते. ती नेमकी किती सरकते यावर नव्वद वर्षांनी त्याच आकड्यांवरून पुन्हा भांडण झालं, पण 'कवटी म्हणजे अढळ शिक्का' ही समजूत तेव्हाच ढासळली होती.

आता वंशाचा प्रश्न. १७९५ मध्ये ब्लुमेनबाख यांनी माणसाचे पाच प्रकार पाडले, आणि ते एकमेकांत इतके नकळत मिसळतात की सीमारेषा आखता येत नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. पाच प्रकार लोकांनी उचलले, दुसरं वाक्य सोडून दिलं. १९७२ मध्ये रिचर्ड लेवोंटिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांवरून हिशेब केला: एकूण जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत, ८ टक्के एकाच 'वंशा'तल्या समूहांमध्ये, आणि तथाकथित वंशांच्या दरम्यान अवघा ६ टक्के. पुढच्या मोजण्यांतही चित्र साधारण हेच राहिलं.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो टाळणारे माझे सहकारी मला आवडत नाहीत. २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी दाखवलं की एकेका जनुकातला फरक किरकोळ असला तरी शेकडो जनुकं एकत्र पाहिली तर एखाद्याचे पूर्वज कोणत्या भागातले हे बऱ्यापैकी सांगता येतं. हे खरं आहे. पण पत्ता सांगता येणं आणि मध्ये भिंत असणं या दोन गोष्टी वेगळ्या. डोंगरउतारावर उभ्या माणसाची उंची मीटरमध्ये अचूक सांगता येते, म्हणून उताराला पायऱ्या फुटत नाहीत. बहुतेक गुणधर्म भूगोलावर असे उतरत-चढत जातात, आणि प्रत्येकाचा उतार वेगळ्या दिशेचा. रंगाने गट पाडले तर एक विभागणी, रक्तगटाने पाडले तर दुसरी, दूध पचण्यावरून पाडले तर तिसरी. फरक खरे आहेत. खोक्यांची रेघ आपण ओढलेली आहे.

हा शब्दच्छल वाटत असेल तर मूत्रपिंडाचं उदाहरण घ्या. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या सूत्रात अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांसाठी एक वाढीव गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडं कागदावर आहेत त्याहून बरी दिसत आणि उपचाराला उशीर होऊ शके. २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढून टाकलेलं सूत्र आलं. दुसरीकडे एपीओएल१ या जनुकाचे काही प्रकार पश्चिम आफ्रिकी पूर्वज असलेल्यांत आढळतात, झोपेच्या आजाराच्या परजीवीपासून वाचवतात, आणि दोन प्रती असल्या तर मूत्रपिंडाच्या रोगाचा धोका वाढवतात. त्याची तपासणी करता येते. रुग्णाच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा ते जनुक तपासा, एवढंच आमचं म्हणणं.

बेवारस सांगाड्याच्या चौकशीत 'वंश' असा रकाना अजूनही माझ्यासमोर येतो. लिंग मी कटीवरून बऱ्याच खात्रीने सांगते, वय दातांवरून आणि हाडांच्या टोकांवरून. त्या रकान्यात मात्र एवढंच लिहिते की मापं अमुक अमुक संदर्भ-संग्रहातल्या माणसांच्या सर्वांत जवळ जातात, आणि शेजारी शक्यतेचा आकडा. तपास करणाऱ्याला यापेक्षा एका शब्दाचं उत्तर हवं असतं, हे मला ठाऊक आहे.

आमच्या लाडक्या गोष्टीही या चाळणीतून सुटत नाहीत. ताठ चालण्यासाठी कटी अरुंद हवी, मेंदू मोठा म्हणून डोकं मोठं, म्हणून बाळंतपण अवघड आणि म्हणून मूल अपुऱ्या वाढीचं जन्मतं, हे वॉशबर्न यांनी १९६० मध्ये मांडलं आणि पिढ्यानुपिढ्या शिकवलं गेलं. मीही शिकवलं. २०१२ मध्ये होली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जन्माची वेळ ठरण्यामागे आईच्या शरीराची ऊर्जा पुरवण्याची मर्यादाही असू शकते. नवव्या महिन्यानंतर गर्भाची भूक तिला पेलेनाशी होते. वाद चालू आहे. माझ्या जुन्या टिपणांत त्या पानाच्या समासात आता पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. उत्क्रांती थांबलेली नाही. बालमृत्यू कमी झाले तरी कोणाला किती मुलं होतात यात फरक आहेच, नवी उत्परिवर्तनं प्रत्येक बाळात असतात, आणि माणसं आजच्याइतकी कधीच फिरत आणि मिसळत नव्हती. सध्या सर्वांत जोरात चाललेली वाट जनुकप्रवाहाची आहे. हजारो वर्षांच्या मानाने ताजं उदाहरण हवं तर आग्नेय आशियातले बजाऊ घ्या: पिढ्यानपिढ्या श्वास रोखून समुद्रात बुड्या मारणाऱ्या या लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी निघाली, ज्यांनी स्वतः कधी बुडी मारली नाही अशांचीसुद्धा, आणि तिच्याशी जोडलेलं जनुकही २०१८ मध्ये सापडलं.

पण हा प्रश्न विचारणारे पुरावा म्हणून बहुतेकदा अक्कलदाढेकडे बोट दाखवतात: जबडा लहान होतोय, दाढेला जागा उरली नाही, बघा उत्क्रांती! काहींना ती दाढ जन्मतःच नसते आणि तिथे जनुकांचा हात आहे. जागा कमी पडण्याची गोष्ट बऱ्याच अंशी निराळी आहे. जबड्याचं हाड लहानपणी चावण्याच्या ताणाने वाढतं. मऊ, शिजवलेलं, दळलेलं खाऊन वाढलेल्या मुलाचा जबडा तोकडा राहतो, दात मात्र ठरलेल्या मापाचे येतात. शिकारी-संग्राहकांच्या कवट्या मोजताना हे नेहमी दिसतं. दात झिजून सपाट झालेले असतात, चारही अक्कलदाढा आपापल्या जागी सरळ उभ्या असतात, आणि त्यांच्या मागे कॅलिपरचं टोक आरामात टेकवण्याइतकी जागा अजून रिकामी असते.